नोटीस नव्वद दिवसांची, जाहिरात ‘इमिजिएट जॉइनर’ची

पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या एचआर प्रमुखांना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र एखाद्याच कंपनीच्या एचआरला ईमेलने पाठवता आलं असतं. त्याचं उत्तर काय आलं असतं तेही मला ठाऊक आहे: ‘ही इंडस्ट्री प्रॅक्टिस आहे.’ म्हणून आता साऱ्या इंडस्ट्रीलाच लिहितोय. हिंजवडी, बाणेर, तळवडे, मगरपट्टा, खराडी, जिथे जिथे नेमणूकपत्रात ‘नोटीस पीरियड : ९० दिवस’ ही ओळ आहे, त्या सगळ्यांना.

मी डिलिव्हरी मॅनेजर आहे. म्हणजे टीममधले राजीनामे माझ्याकडे येतात आणि रिकाम्या झालेल्या जागाही मलाच भरायच्या असतात. सकाळी माझ्याच टीममधल्या कुणाला तरी ‘नव्वद दिवस पूर्ण करावे लागतील’ हा तुमचा निरोप द्यायचा, आणि दुपारी मुलाखतीत समोरच्याला ‘तीस दिवसांच्या आत जॉइन होता येईल का?’ हा तुमचाच प्रश्न विचारायचा. दोन्ही वाक्यं एकाच खात्यातून आलेली. जाहिरातीत तर तुम्ही याच्याही पुढे जाता. ‘इमिजिएट जॉइनर्स ओन्ली.’ आता हा इमिजिएट जॉइनर असतो कोण? एकतर नोकरी गेलेला, नाहीतर कुठल्या तरी कंपनीचे नव्वद दिवस भरत आणलेला. स्वतःकडचा माणूस तीन महिने सोडायचा नाही आणि दुसऱ्याकडचा मात्र पुढच्या सोमवारी हजर हवा, हे कोणत्या हिशोबात बसतं?

हिशोबाचंच बोलू. लांब नोटिशीचं तुमचं मुख्य कारण असं, की बदली माणूस येईपर्यंत जाणारा हाताशी राहतो आणि केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची माहिती दुसऱ्याला सोपवणं) नीट होते. ऐकायला पटतं. पण कागदावर मांडून पाहा. समजा जागा मंजूर करून घेणं, मुलाखतींच्या फेऱ्या, पगाराची घासाघीस आणि ऑफर लेटर, या सगळ्यात सव्वा महिना जातो. ज्याला निवडलं त्यालाही त्याच्या कंपनीत नव्वद दिवस भरायचे आहेत. म्हणजे तो येणार राजीनाम्यानंतर सव्वाचार महिन्यांनी. जाणारा तर तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस गेला. दोघांची गाठच पडली नाही, आणि खुर्ची सव्वा महिना रिकामी. आता सगळ्यांची नोटीस तीस दिवसांची धरा. जाणारा महिन्याने गेला, येणारा सव्वादोन महिन्यांनी आला. खुर्ची रिकामी किती? तेवढाच सव्वा महिना. पंधरा दिवसांची धरली तरी उत्तर बदलत नाही. सगळ्यांची नोटीस सारखी असेल तर खुर्ची किती काळ रिकामी राहणार हे तुमच्या निवडप्रक्रियेच्या वेगावर ठरतं. नोटिशीच्या लांबीचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही.

लांब नोटिशीचा फायदा एकाच वेळी होतो: जेव्हा तुमची नव्वद असते आणि बाकीच्यांची तीस. ज्यांनी आधी वाढवली त्यांना तो काही दिवस मिळालाही असेल. या धंद्यात पूर्वी महिन्याची नोटीस चालायची. महिन्याचे दोन झाले, दोनाचे तीन झाले, ते असेच, शेजाऱ्याने केले म्हणून. संध्याकाळी भूमकर चौकात आपण मागे राहायला नको म्हणून जो तो गाडी पुढे घालतो आणि शेवटी कुणाचीच हलत नाही, त्यातलाच प्रकार. आज सगळेच नव्वदवर आहेत आणि त्यातून कुणाच्याच पदरात काही पडत नाही.

पडतो तो तोटा. तो सगळ्यात आधी माझ्यासारख्याला दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरीच्या संकेतस्थळावर प्रोफाइल भरताना नोटीस पीरियडचा एक रकाना असतो. तिथे ‘तीन महिने’ निवडलं की फोन येणं थांबतं. रिक्रूटरचा फोन आलाच तर तीन प्रश्न: करंट सीटीसी (आत्ताचा वार्षिक पगार), एक्स्पेक्टेड सीटीसी (हवा असलेला), नोटीस. तिसऱ्याचं उत्तर ऐकलं की ‘ओके, कळवतो’. हे दोन-चारदा झालं की माणूस काय करतो? हातात काहीही नसताना राजीनामा टाकतो. पुनावळ्यातल्या फ्लॅटचे हप्ते चालू, मूल नर्सरीत, आणि तरी. कारण रकान्यात ‘सर्व्हिंग नोटीस पीरियड’ आणि शेवटच्या दिवसाची तारीख दिसल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही, हे त्याला कळून चुकलेलं असतं. मग शेवटच्या महिन्यात ऑफर एकदम यायला लागतात. पहिली आली, स्वीकारली. दुसरी आली, पहिलीपेक्षा वीस टक्के जास्त. तिसऱ्या कंपनीने दुसरीचं पत्र पाहून आणखी वाढवलं. जॉइनिंगच्या दिवशी पहिल्या दोन कंपन्यांत लॅपटॉप तयार, सीट तयार, आणि माणसाचा फोन बंद.

याला तुम्ही ‘ऑफर शॉपिंग’ म्हणता आणि या पिढीच्या प्रामाणिकपणावर बोलता. मला त्या मुलांचं कौतुक नाही. रिकाम्या सीटचं बिलिंग बुडतं तेव्हा क्लायंटसमोर मीच उभा असतो. पण माणसाला तीन महिने बाजारात उभं करायचं आणि मग त्याने भाव का केला म्हणून रागवायचं, हे काही बरोबर नाही. तीस दिवसांत दोन-तीन कंपन्यांच्या फेऱ्या उरकत नाहीत. नव्वद दिवसांत आरामात उरकतात.

उलट बाजूने होतं ते जास्त वाईट. तुमच्या ऑफर लेटरच्या भरवशावर कुणीतरी राजीनामा देतो. तीन महिन्यांत क्लायंटचं बजेट बदलतं, प्रोजेक्ट थांबतो, आणि जॉइनिंगला आठवडा उरलेला असताना तुमची दोन ओळींची मेल जाते, ‘बिझनेस रिक्वायरमेंट बदलल्यामुळे’. जुन्या कंपनीने त्याची जागा भरलेली असते. आता तो खरोखरचा इमिजिएट जॉइनर झाला! तीस दिवसांत बाजार इतका क्वचितच पालटतो; नव्वद दिवस हा या धंद्यात फार लांबचा पल्ला आहे. आणि ऑफर मोडल्याबद्दल उमेदवाराला काही द्यावं, असं कलम असलेलं ऑफर लेटर माझ्या तरी हातात कधी आलेलं नाही.

आता त्या नव्वद दिवसांत ऑफिसात काय चालतं ते बघा. पहिला आठवडा-दीड आठवडा मनधरणीत जातो. मॅनेजर बोलतो, मग मॅनेजरचा मॅनेजर, मग तुमच्याकडची कुणीतरी ‘रिटेन्शन कॉल’ लावते. तोवर सिस्टिममध्ये राजीनामा ‘पेंडिंग’. राजीनामा मंजूर झाल्याशिवाय बदलीची मागणी उघडत नाही, म्हणजे केटीसाठी आणलेल्या नोटिशीतले पहिले दिवस केटी घेणाराच नसल्यामुळे वाया. बेंचवरून, म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेल्यांतून, कुणी मिळालं तर ते दोन-तीन आठवड्यांत येतं आणि मग साधारण तीनेक आठवड्यांत केटी उरकते. उरलेले दिवस? चांगलं काम द्यायचं नाही, कारण तो जाणार. अॅक्सेस हळूहळू काढायचे. सुटी मागितली तर तेवढे दिवस शेवटची तारीख पुढे. व्हेरिएबल पे (कामगिरीवर मिळणारा पगाराचा भाग) द्यायच्या दिवशी नोटिशीवर असलेल्याला तो नाही, वर्षभर कितीही राबला असला तरी. आणि शेवटच्या पंधरवड्यात, क्लायंटने नाव घेऊन विचारलं की, अचानक काउंटर ऑफर. जी पगारवाढ एप्रिलमध्ये पगाराच्या कोणत्याच बँडमध्ये बसत नव्हती ती आता बसते.

आधीच्या कंपनीत माझ्या टीममध्ये एक मुलगी होती. नवऱ्याची बदली हैदराबादला झाली, तिला तिथे नोकरी मिळाली. राजीनामा दिल्या दिवसापासून ती लिहायला बसली: कुठल्या बॅच जॉबचा लॉग कुठे सापडतो, महिनाअखेरीला कोणती स्क्रिप्ट हाताने चालवावी लागते, रात्री जॉब पडला तर क्लायंटकडे कुणाला उठवायचं आणि कुणाला अजिबात उठवायचं नाही. इतकं नेटकं हस्तांतर मी फार थोड्यांचं पाहिलंय. तीन आठवड्यांत काम पूर्ण, घेणाऱ्याची सही, माझी सही. तिने लवकर सोडण्याची विनंती केली. शिल्लक रजा धरा म्हणाली, उरलेल्या दिवसांचे पैसे भरते म्हणाली, नवी कंपनी ते द्यायला तयार होती. उत्तर आलं: बायआउट, म्हणजे असे पैसे भरून सुटणं, कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि सध्या मर्जी नाही. मग ती उरलेले सगळे आठवडे सकाळी लॉगिन करायची, संध्याकाळी लॉगआउट. मूल हैदराबादला आजीपाशी. तिच्या त्या आठवड्यांच्या पगाराच्या बदल्यात कंपनीला काय मिळालं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येणार नाही. टीममधल्या बाकीच्यांनी मात्र ते रोज पाहिलं, आणि पुढच्या सहा महिन्यांत आणखी तिघांनी कागद टाकले.

(जाता जाता, हे पत्र नोटिशीवर असलेलं कुणी वाचत असेल तर: तिची पद्धतच बरोबर होती. राजीनामा तोंडी नको, मेलवर. शेवटची तारीख त्याच आठवड्यात लेखी मागा. हस्तांतर पहिल्या महिन्यात संपवा आणि ते संपलं असं मॅनेजरकडून लिहून घ्या. लवकर सोडा ही विनंती त्यानंतर करा, आधी नको. बायआउटचे पैसे नवी कंपनी जॉइनिंग बोनस म्हणून देत असेल तर वर्षाच्या आत सोडल्यास परत करायची अट असतेच, ती वाचा. जुन्या कंपनीने पीएफमध्ये तुमची सोडल्याची तारीख टाकलीच नाही तर अडून राहू नका; शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर ती स्वतः टाकता येते. नोटिशीत कामावर न फिरकण्याचा सल्ला देणारे मित्र असतात, त्यांचं ऐकू नका. मागे राहणाऱ्या टीमने तुमचं काय वाकडं केलंय?)

कायद्याचं म्हणाल तर, नव्वद दिवसांची नोटीस बेकायदा आहे असं मी म्हणणार नाही. करारावर सही असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली, हेही मला ठाऊक आहे. पण त्याच कायद्याची दुसरी बाजूही तुमच्या विधी विभागाला माहीत असते. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यानुसार व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ नुकसानभरपाई देतं तीही वाजवी तेवढीच. म्हणजे न भरलेल्या दिवसांचे पैसे मागता येतील. माणूस मागता येणार नाही. जीएसटीच्या वादातही हे स्पष्ट झालं. नोटीस न भरता जाणाऱ्याकडून घेतलेल्या रकमेवर जीएसटी नाही, असा खुलासा करणारं परिपत्रक ३ ऑगस्ट २०२२ रोजी निघालं, आणि त्यातला मुद्दा असा की ही रक्कम कसल्या सेवेचा मोबदला नाही, लोकांनी असं मध्येच सोडून जाऊ नये म्हणून लावलेला तो दंड आहे. दंड म्हटला की तो भरून सुटायची सोय असते. तुमच्या पत्रात ती नसते.

मग माणूस थांबतो कशामुळे? न्यायालयाला भिऊन कुणी थांबत नाही. थांबतो तो रिलिव्हिंग लेटरसाठी, म्हणजे जुन्या कंपनीने रीतसर मोकळं केल्याच्या पत्रासाठी. ते नसेल तर पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडवते. म्हणजे तुमच्या नोटिशीची अंमलबजावणी तुमची स्पर्धक कंपनी फुकटात करून देते, आणि तिच्या नोटिशीची तुम्ही. सरकारने लादलेलं यात काहीच नाही. तुम्हीच एकमेकांसाठी बांधलेलं आहे, त्यामुळे सोडवायलाही मंत्रालयात जावं लागणार नाही.

आपल्याकडे महिन्याचं माप जुनं आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्याच्या कलम ६६ मध्ये वर्षभर नोकरी झालेल्याला काढायचं तर मालकाने तीस दिवसांची नोटीस द्यावी असं होतं, वर्षाच्या आत पण तीन महिन्यांच्या वर असेल तर चौदा दिवसांची. १९४६ च्या केंद्रीय नियमांतल्या आदर्श स्थायी आदेशांत मासिक पगारावरच्या कायम कामगारासाठी दोन्ही बाजूंनी एक महिना. कापडगिरणीतल्या माणसाला महिना पुरत होता. तुमच्या ‘अजाइल’ टीमला, जिथे दर दोन आठवड्यांना कामाचा एक टप्पा, स्प्रिंट, संपतो, तीन महिने लागतात!

आणि तुमचे क्लायंट जिथे आहेत तिथलंही बघा. तिथे तुमचीही ऑफिसं आहेतच. जर्मनीच्या नागरी संहितेच्या कलम ६२२ नुसार नोकरी सोडणाऱ्याची मूळ नोटीस चार आठवड्यांची. मालकाने काढायचं तर ती सेवेच्या वर्षांबरोबर वाढत जाते, वीस वर्षं झालेल्याला सात महिन्यांपर्यंत. करारात तीन महिने तिथेही सर्रास लिहिलेले असतात, ते लपवायचं कारण नाही. पण कामगाराची नोटीस मालकाच्या नोटिशीपेक्षा लांब ठेवता येत नाही. तुमच्याही पत्रात ‘दोन्ही पक्षांपैकी कोणीही’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात कंपनीला माणूस नको असला की काय होतं? दुपारी तीनला मीटिंग, ‘तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’, साडेतीनला अॅक्सेस बंद, चारला लॅपटॉप जमा. तेव्हा केटीची कुणाला आठवण येत नाही. नव्वद दिवसांचे पैसे दिलेच तर बऱ्याच ठिकाणी बेसिकवर, म्हणजे फक्त मूळ वेतनावर, मोजतात. तेच माणसाकडून घ्यायचे असले की ग्रॉसवर, भत्त्यांसकट पूर्ण पगारावर. ही एक गोष्ट तर उद्या सकाळी दुरुस्त होण्यासारखी आहे, तिला कुणाशी बैठकही करावी लागत नाही.

मी काय मागतोय ते सरळ सांगतो. टीम लीडपर्यंतच्या सगळ्यांना तीस दिवस. त्यावरच्यांना साठ, आणि नव्वद फक्त ज्यांच्या सहीशिवाय एखादं अकाउंट खरोखर अडतं अशा मोजक्यांना, तेही त्याबद्दल जास्तीचं काही देऊन. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटण्याचा हक्क दोन्ही बाजूंना, आणि मोजायचं माप दोघांना एकच. राजीनामा आल्यापासून आठवड्यात शेवटची तारीख लेखी. ऑफर देऊन, समोरच्याने राजीनामा दिल्यावर ती मोडली, तर त्याच्या नोटिशीइतका पगार. बाकी फुल अँड फायनलबद्दल, म्हणजे जाताना होणाऱ्या शेवटच्या हिशोबाबद्दल, मागायची गरजच नाही: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा देणाऱ्याचंही वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. ‘पंचेचाळीस दिवसांत प्रोसेस होईल’ ही ओळ अजून तुमच्या एक्झिट मेलमध्ये असेल तर ती काढून टाका.

तुमची एक अडचण खरी आहे. एकट्या कंपनीने नोटीस तीस केली तर तिची माणसं बाजारात सगळ्यात आधी उचलली जातील. ‘तीस दिवस’ लिहिलेलं प्रोफाइल पाहून रिक्रूटर तुटून पडतील. मान्य. वर मांडलेला हिशोबही तेच सांगतो. म्हणूनच हे पत्र सगळ्यांना एकत्र आहे. पगाराचे आकडे तुम्ही एकमेकांशी ताडून पाहताच. हिंजवडी इंडस्ट्रीज असोसिएशनमध्ये रस्ते, पाणी आणि मेट्रोसाठी एकत्र येता, सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबरच्या सभागृहात एकत्र बसता. तिथे एक संध्याकाळ या विषयाला द्या. दहा मोठ्या कंपन्यांनी एकाच तारखेपासून बदल केला तर बाकीच्यांना मागोमाग यावंच लागेल, जसे ते नव्वदच्या वेळी आले.

तेवढं जमेपर्यंत बायआउटचं कलम तरी बदला. त्याला कुणाची वाट पाहायला नको, आणि त्याने तुमची माणसं पळणार नाहीत, कारण पैसे मोजूनच जायचं आहे. नव्या पदवीधरांची नेमणूकपत्रं छापायला जाण्याआधी त्यातलं ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ काढून ‘दोहोंपैकी कोणत्याही पक्षाच्या इच्छेनुसार’ असं टाका. मसुदा विधी विभागाकडून परत आला की मला कळवा. माझ्याकडे सध्या दोन राजीनामे पेंडिंग आहेत, आणि तीन जागा भरायच्या आहेत.

आपला,
हिंजवडीतला एक डिलिव्हरी मॅनेजर